वादळानंतरचं छप्पर: कौलं ठेवू की पत्रा घालू?

प्रश्न: ताई, आमचं मूळ घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. चिऱ्याच्या भिंती, चौपाखी छप्पर, मंगलोरी कौलं, पुढेमागे पडवी. आम्ही डोंबिवलीत असतो, गावी काका एकटेच. मेअखेरच्या वादळात पश्चिमेच्या पडवीची कौलं उडाली, आढ्यावरची काही सरकली. फोटो सोबत पाठवतोय. गावातला ठेकेदार म्हणतो, वासेसुद्धा गेलेत, सगळं उतरवून रंगीत पत्रा घाला, नाहीतर पुढच्या वादळाला घर राहणार नाही. धाकटा भाऊ आगाऊ पैसे द्यायलाही तयार झालाय. छप्पर खरंच गेलंय का, हे आम्ही कसं ओळखायचं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी भावाला म्हणावं, पैसे खिशातच ठेव.

तुमच्या फोटोंमध्ये मला सगळ्यात कामाचा वाटला तो अंगणात गोळा केलेल्या तुकड्यांचा. मोठा करून पाहा. काही तुकड्यांची मोडलेली कड लालभडक, स्वच्छ आहे. ती कौलं या वादळात फुटली. पण बऱ्याच तुकड्यांची कड काळी पडलीय, एक-दोनांवर तर शेवाळ वाळून बसलंय. ती कौलं आधीच तडकलेली होती. माकडं नाचली असतील, नारळ पडला असेल, शाकारणीच्या वेळी कुणाचा पाय पडला असेल. वाऱ्याने ती फक्त खाली आणली. ठेकेदाराने सगळा ढीग वादळाच्या नावावर मांडला आणि छपराचा निकाल लावून टाकला. काकांना सांगा, लाल कडेचे तुकडे एका बाजूला, काळ्या कडेचे दुसऱ्या बाजूला. त्या दोन ढिगांवरून निम्मं उत्तर मिळेल.

‘वासे गेलेत’ हे अंगणात उभं राहून कळत नाही. त्यासाठी घरात, पोटमाळ्यावर जावं लागतं. काकांना शिडीवर चढवू नका. ओल्या कौलावर सरावलेला माणूससुद्धा घसरतो. ठेकेदाराच्या ओळखीतला नसलेला एखादा जुना सुतार गाठा आणि त्याला दुपारच्या उन्हात बोलवा. आधी मेन स्विच बंद. आणि वादळात सर्व्हिस वायर ओढली जाऊन छपराला टेकलीय का ते लांबूनच बघा. मेन स्विचने ती वायर बंद होत नाही, टेकलेली असेल तर वीज कंपनीच्या माणसाने ती सोडवल्याशिवाय कुणाला वर चढवू नका. मग खिडक्या लावून, अंधार करून वर बघायचं. उजेडाचे ठिपके इकडेतिकडे विखुरलेले असतील तर सुटी कौलं फुटलीत किंवा हललीत. उजेड सरळ रेघेत येत असेल तर त्या ओळीची रीप, म्हणजे कौलं अडकवायची आडवी पट्टी, निसटलीय किंवा मोडलीय.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची जागा बघायची, ती म्हणजे वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडावर जिथे बसतो तो सांधा. तिथे वर्षानुवर्षांची धूळ आणि जळमटं साचलेली असतात. सांधा हलला नसेल तर धुळीची ती रेघ अखंड राहते. वाऱ्याने वासा उचलून पुन्हा खाली बसवला असेल तर रेघ तुटते, खिळ्याभोवतीचं लाकूड ताजं, पांढरट दिसतं, खाली मातीचे किंवा गिलाव्याचे कण पडलेले असतात. अशा जागा खडूने खुणावून घ्या. त्याच वेळी प्रत्येक वाशाच्या टोकाला पेचकस टोचून बघायला सांगा. दोन सूतही, म्हणजे पाव इंचही, आत जात नसेल तर वासा धड आहे. पेचकस सहज रुतला, किंवा खाली भुंग्याची पिवळसर भुकटी पडलेली दिसली, तर तेवढा वासा बदलायचा. माझा अनुभव असा, की भिंतीच्या आतला वासा ऐन-किंजळाच्या लाकडाचा असेल तर सहसा ठणठणीत असतो. कुजतो तो भिंतीबाहेरचा, पागोळ्यांत भिजणारा हात-दीड हाताचा तुकडा. तो कापून त्या जागी दुसरा जोड देता येतो. त्यासाठी अख्खं छप्पर उतरवायचं काही कारण नाही.

शेवटी अंगणात लांब जाऊन आढ्याकडे आणि दोन उतार जिथे मिळतात त्या चारही कोनांच्या रेषांकडे बघा. आढं मध्ये वाकलेलं असेल किंवा एखादा कोन बाहेर फुगला असेल, तर मात्र गोष्ट कौलांपुरती राहिलेली नाही, सांगाडा सरकलाय. तुमच्या फोटोंत तसं काही दिसत नाही.

आता पत्र्याकडे येऊ. बहुतेकांची समजूत अशी, की वारा छपरावर दाब देतो आणि कौल कमकुवत म्हणून फुटतं. वाऱ्यासमोरची भिंत दाबली जाते हे खरं, पण छप्पर बहुतेक ठिकाणी वर ओढलं जातं. ताशी १०८ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला ३० मीटरचा वारा घ्या. त्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण ५५ किलोचा. कोपरे, कडा आणि आढ्याजवळ ही ओढ दीडपट, कधी त्याहूनही जास्त होते. वाऱ्याच्या बाजूचं एखादं दार किंवा खिडकी उघडली गेली, की आत शिरलेला वारा खालूनही ढकलायला लागतो. आता वजनं पाहा. मंगलोरी कौलं चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात, त्यांचं वजन पस्तीस-चाळीस किलो होतं. शिवाय कौलांच्या फटींतून हवा आरपार जाते, त्यामुळे वरचा आणि खालचा दाब थोडाफार सारखा होतो. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलोच भरतो, आणि त्यातून हवा जात नाही. म्हणजे कौलारू छप्पर निम्मं स्वतःच्या वजनाने टिकतं, पत्र्याचं छप्पर निव्वळ बांधणीवर. तुमचा ठेकेदार जड छप्पर काढून हलकं घालणार, आणि खालचे खिळे तेच पूर्वीचे ठेवणार.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं, तेव्हा दापोली-मंडणगडची गावंही झोडपली गेली. त्यानंतर घरं बघत फिरताना कलमांच्या बागांत पडलेले पत्रे मी पाहिले. ते एकेकटे नव्हते, रिपांसकट उडून आलेले होते. पत्रा रिपेला नीट धरून होता, रीप मात्र वाशाला दोन चुका ठोकून अडकवलेली. सुटलं ते तिथून. आणि त्याच गावांतल्या चौपाखी कौलारू घरांची, झाड पडलं नसेल तर, कडेची आणि आढ्यावरची कौलं गेली होती, बाकी छप्पर जागेवर होतं. चारही बाजूंनी उतार असलेलं छप्पर वाऱ्याला उभी त्रिकोणी भिंत दाखवत नाही, हा त्याचा फायदा. तुमच्या आजोबा-पणजोबांनी ते तसं बांधलंय, त्याला हात लावू नका.

मग करायचं काय? पश्चिमेच्या पडवीच्या रिपा नव्या घ्या, कुजलेल्या टोकांना जोड द्या. जिथे खडूच्या खुणा आल्या त्या प्रत्येक सांध्यावर वासा आणि खालचं लाकूड मिळून लोखंडी पट्टी मारून घ्या. खिळा वरच्या ओढीला सुटतो, पट्टी धरून ठेवते. आडवं लाकूडही भिंतीवर नुसतं टेकलेलं असेल तर ठराविक अंतरावर सळी घालून ती चिऱ्याच्या तीन-चार थरांखाली अडकवायला सांगा. नाहीतर सगळ्या पट्ट्या मारून छप्पर लाकडासकट एकजीव होईल आणि भिंतीवरून उठेल.

कौलाच्या पाठीवर, रिपेत अडकणाऱ्या उंचवट्याला बारीक भोक असतं, ते तार ओवण्यासाठी. आपल्याकडे ते कुणी वापरत नाही, कारण पावसाला त्याची गरज पडत नाही. वळचणीच्या शेवटच्या दोन ओळी, कडा आणि कोनांलगतची कौलं तरी तारेने बांधून घ्या. खाऱ्या हवेत साधी तार लवकर झडते, तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची घ्या. आढ्यावरची कौलं काढून जुना चुना-सिमेंट खरवडून पुन्हा बसवा.

नवी कौलं आणायला जाताना एक जुनं कौल सोबत न्या. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला, त्यानंतर कितीतरी कारखाने निघाले, आणि प्रत्येकाची खाच थोडी वेगळी. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते वाचून घ्या. खाच जुळली नाही तर जुनी-नवी मिसळू नका. पडवीवरची उरलेली धड कौलं काढून मुख्य छपराच्या दुरुस्तीला वापरा आणि पडवी संपूर्ण नव्या कौलांची करा. विकत घेताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर बाजूला ठेवा.

माकडांचा प्रश्न खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. शाकारणीला माणसं मिळत नाहीत हेही खरं. म्हणून बरेच जण हल्ली खाली पत्रा आणि वर कौल अशी जोडी करतात. गळतीला ते चालतं. पण पत्र्यावर नुसती मांडलेली कौलं वाऱ्यात घसरतात, आणि मधल्या फटीत पाला साचून लाकूड कुजतं ते दिसतही नाही. करायचंच असेल तर पत्र्यावर वेगळ्या रिपा मारून, कौलं बांधून करा.

पाऊस तोंडावर आहे, तोवर ताडपत्री. ती आढ्यावरून पलीकडच्या उतारावर जाईल एवढी लांब घ्या आणि दोन्ही टोकं आतून रिपांना बांधा. वर दगड-विटा ठेवू नका. पुढच्या वाऱ्यात तेच कौलांवर गडगडतात, खाली माणूस असेल तर त्याच्या डोक्यात पडतात.

प्रश्न: वादळात स्वयंपाकघरावरचं छप्पर पडलं. पंचनामा झाला, त्यात फक्त ‘घराचे अंशतः नुकसान’ एवढंच लिहिलंय. घर अजून आजोबांच्या नावावर आहे, वारस पाच. मदत मिळेल का? आणि आता विमा काढला तर या दुरुस्तीचे पैसे मिळतील का?
— एक वाचक, श्रीवर्धन तालुका

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं: नाही. विमा पुढच्या वादळासाठी असतो, झालेल्यासाठी नाही.

पंचनाम्यातल्या ‘अंशतः’ या शब्दाने काम भागत नाही. आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत अंशतः पडझडीच्या मदतीसाठी किमान १५ टक्के नुकसान लागतं, त्यामुळे किती खोल्या, किती बाय किती छप्पर, वासे किती मोडले, भिंत फुटली का, हे कागदावर आलं पाहिजे. तलाठी कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत फोटो जोडा आणि पुन्हा पाहणी मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. फोटो काढताना एक लांबून घ्या, ज्यात घर आणि पडलेला भाग दोन्ही येतील, आणि मग जवळून. नुसते जवळचे फोटो कुणाच्याही घराचे असू शकतात. दुरुस्ती थांबवून बसू नका, पाऊस कागदासाठी थांबत नाही. फक्त उचलण्याआधी मोजमाप आणि फोटो झाले पाहिजेत, आणि आणलेल्या सामानाची बिलं जपून ठेवा.

नावाचा घोळ तुमच्या एकट्याचा नाही, किनाऱ्यावर निम्म्या घरांचा हाच आहे. घरपट्टीची पावती, आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि पाचही वारसांचं एकाच्या खात्यात रक्कम जमा करायला हरकत नसल्याचं संमतीपत्र तयार ठेवा. पाचवा वारस ठाण्यात असतो आणि फोन उचलत नाही, ही अडचण मदत जाहीर व्हायच्या आधी सोडवा, नंतर नको.

विम्याचं म्हणाल तर १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारख्या अटींची घरविमा पॉलिसी आहे, वादळ-चक्रीवादळ त्यात येतं. घ्यायच्या आधी दोन गोष्टी करा. रक्कम घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरवा, जमिनीची किंमत त्यात धरू नका. आणि छपराचे आत-बाहेरचे फोटो तारखेसह काढून ठेवा. वाळवी, कुजणं, जुनाट झीज यांचे पैसे विम्यात मिळत नाहीत, आणि पाहणीला आलेला माणूस तुमचं नुकसान त्याच खात्यात टाकायला बघणार. वादळाआधी छप्पर धड होतं हे दाखवणारा फोटो तेव्हा उपयोगी पडतो.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सुमारे १०० चौरस मीटरची पत्र्याची शेड आहे, चारही बाजूंनी उघडी. वळवाच्या पावसात दोन पत्रे उडून पार्किंगमध्ये पडले. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. शेडवाला म्हणतो, स्क्रू वाढवतो, काम झालं. पण त्याच पावसापासून वरच्या मजल्यावर छताला ओलही आलीय. दोन्हींचा संबंध आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: बहुधा आहे, आणि तोच मला पत्र्यांपेक्षा जास्त काळजीचा वाटतो.

शेडचा एकेक खांब ज्या चौकोनी लोखंडी पट्टीवर उभा आहे तिथे वाकून बघा. चार बोल्ट दिसतील. ते कशात गेलेत? आपल्याकडे गच्चीच्या स्लॅबवर वीट-तुकड्यांचा कोबा असतो, चार ते सहा इंचांचा, वर सिमेंटचा गुळगुळीत थर. तीन-चार इंचांचा बोल्ट त्या कोब्यातच संपतो, स्लॅबपर्यंत पोचतच नाही. कोबा पाणी वाहून जायला आणि गळती थांबवायला घातलेला असतो, छप्पर धरून ठेवायला नाही. वाऱ्याने शेड उचकली, की बोल्ट कोब्यात हलतो, भोक मोठं होतं, आणि त्यातून उतरलेलं पाणी कोब्यात साचून कुठल्या तरी लांबच्या कोपऱ्यात खाली निघतं. म्हणून ओल नेमकी खांबाखाली दिसेलच असं नाही. खात्री करायची तर पट्टीच्या भोवती पाणी ओता. बोल्टशी बुडबुडे आले किंवा पाणी झरझर शोषलं गेलं तर निदान पक्कं.

आता हिशेब. आयएस ८७५ या मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, मुंबईसाठी ४४. पुण्याच्या वेगाला जोर होतो चौरस मीटरला ९० किलोच्या थोडा वर. ढोबळमानाने १०० चौरस मीटरच्या शेडवर नऊ टनांची ओढ. उघड्या शेडला वाऱ्याचा त्रास जास्त, कारण तो वरून ओढतो आणि खालूनही उचलतो. ही नऊ टनांची ओढ पत्र्याच्या स्क्रूतून आडव्या पाइपात, पाइपाच्या वेल्डिंगमधून खांबात, खांबातून बोल्टमध्ये आणि बोल्टमधून इमारतीत उतरली पाहिजे. शेडवाला फक्त पहिला दुवा घट्ट करतोय. आजवर पत्रे सुटत होते म्हणून सांगाडा वाचत होता. स्क्रू दुप्पट केलेत तर पुढच्या वेळी पत्रे सुटणार नाहीत, अख्खी शेड जाईल.

पडलेले पत्रे टाकून दिले नसतील तर त्यांची भोकं बघा. गोल असतील तर स्क्रूच उपसून आला. लांबट, फाटलेली असतील तर पत्रा बरेच दिवस फडफडत होता आणि वॉशर कधीच गेले होते. मग जागेवर असलेल्या पत्र्यांचीही तीच गत असणार. वेल्डिंग पूर्ण फिरवलंय की नुसते ठिपके दिलेत, तेही एकदा हातात ब्रश घेऊन, गंज घासून पाहा.

शेडवाल्याला थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तो खांबाखालचा कोबा उघडून बोल्ट थेट स्लॅबमध्ये किंवा शक्यतो खालच्या कॉलम-बीमवर घ्यायला सांगेल, आणि त्या जागेचं वॉटरप्रूफिंग नव्याने करून घेईल. स्लॅबला हा भार पेलतो की नाही हे तोच सांगू शकतो. तोवर हवामान खात्याचा वादळी वाऱ्याचा इशारा आला, की शेडच्या बाजूच्या पार्किंगमधल्या गाड्या काढायच्या आणि तिथे मुलांना खेळू द्यायचं नाही. शेडला महापालिकेची परवानगी आहे का, हेही सोसायटीच्या कागदांत तपासून ठेवा. दुर्घटना झाली तर सगळ्यात आधी तेच विचारलं जाईल.

प्रश्न: गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, वादळात फांदी पडून तीन-चार तडकले. मुलगा वर चढून तुकडे काढतो म्हणतो. चालेल का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर: नाही. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. न तडकलेला दिसणारा पत्राही वजनाखाली अचानक फुटतो आणि माणूस सरळ खाली गव्हाणीत येतो. चढायचंच झालं तर पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. खालच्या वाशांवर टेकेल अशी लांब, रुंद फळी टाकून तिच्यावरूनच चालायचं, कमरेला दोर बांधून. शक्य असेल तर खालून परांची बांधून, हूक सोडवून अख्खा पत्रा उतरवा.

धूळ हा त्याचा दुसरा धोका. उतरवायच्या आधी पत्रे पाण्याने चांगले भिजवा, हातोड्याने फोडू नका, कटरने कोरडं कापू नका, पडलेला भुगा झाडूने झाडू नका. ओल्या फडक्याने टिपून फडक्यासकट जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. नाकाला साधा रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क घ्या. गुरं त्या दिवशी दुसरीकडे बांधा, आणि गव्हाणीतला चारा आधी काढून घ्या. त्यावर धूळ बसली तर तो गुरांना घालू नका.